वर्किंग हॉस्टेल: भाडं खाटेचं, भरवसा कामाचा

ऑस्ट्रेलियात शेतावर राबून फिरायचा खर्च काढायचा असं ठरवलं की ठरावीक गावांची नावं पुन्हा पुन्हा कानावर येतात. क्वीन्सलंडमध्ये बुंडाबर्ग, टली, इनिसफेल. व्हिक्टोरियात मिल्डुरा आणि शेपर्टन. न्यू साउथ वेल्समध्ये ग्रिफिथ. या गावांत 'वर्किंग हॉस्टेल' नावाचा प्रकार असतो. राहायला खाट, शेतावर काम आणि शेतापर्यंत ने-आण, तिन्ही एकाच ठिकाणी, असं ते सांगतात. भाडं आठवड्याला साधारण २०० ते २८० डॉलर (इथले सगळे डॉलर ऑस्ट्रेलियन) आणि एका खोलीत चार ते दहा खाटा.

पावती मात्र तिन्हींपैकी एकाच गोष्टीची मिळते, खाटेची. कामाबद्दल कागदावर बहुधा एक ओळही नसते. "काम नक्की मिळेल, फक्त एखादा आठवडा थांबावं लागेल" हे फोनवर सांगितलं जातं, लिहून दिलं जात नाही. ही सेवा विकत घ्यायची की नाही, हा सगळा प्रश्न त्या एका फरकापाशी येऊन थांबतो. म्हणून इथे कुठल्या एका हॉस्टेलला तारे दिलेले नाहीत. मॅनेजर बदलला की हॉस्टेल बदलतं, आणि दोन हंगामांपूर्वीचे पाच तारे आज काहीच सांगत नाहीत. परीक्षण आहे ते या पद्धतीचं.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. नवख्या माणसाला, स्वतःची गाडी नसेल तर, पहिल्या तीन आठवड्यांसाठी वर्किंग हॉस्टेल घेण्यासारखं आहे. अख्खा हंगाम तिथे काढणं बहुतेक वेळा तोट्याचं पडतं.

पाटीवरची नावं

संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला स्वयंपाकघराजवळच्या पांढऱ्या पाटीवर उद्याची यादी लागते. डावीकडे शेताचं नाव किंवा नुसता आकडा, मध्ये गाडी सुटायची वेळ, पहाटे ४.४५ किंवा ५.१५, आणि पुढे माणसांची नावं. ज्यांची नावं आहेत ते पाव आणि डबे घेऊन ओट्याकडे वळतात, कारण दुपारचं खाणं रात्रीच बांधून ठेवावं लागतं. ज्यांची नाहीत ते पाटी पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचतात. हॉस्टेल कसं आहे हे कळायला संध्याकाळची ही दहा मिनिटं पुरतात: यादीत नावं किती आणि पाटीसमोर माणसं किती.

शंभर खाटांचं हॉस्टेल साठ जणांनाच काम देऊ शकत असेल, तरी त्याने शंभर खाटा भरणं धंद्याच्या दृष्टीने बरोबरच ठरतं. रिकामी खाट त्याला महागात पडते, रिकामा बसलेला पाहुणा नाही. मग काम फिरवलं जातं. या आठवड्यात तुला तीन दिवस, पुढच्या आठवड्यात त्याला तीन. भाडं सुटेल एवढं काम प्रत्येकाला मिळतं, निघून जावंसं वाटेल इतकं कमी कुणालाच मिळत नाही. यात फसवणूक असतेच असं नाही. पाऊस पडला, बाजारात भाव पडला, फळ पिकायला चार दिवस उशीर झाला, की शेतकरी आदल्या संध्याकाळी माणसं कमी करतो. पण त्या अनिश्चिततेचा भुर्दंड पूर्णपणे पाहुण्यावर पडतो, हॉस्टेलवर अजिबात नाही.

भुर्दंड म्हणजे किती? १ जुलै २०२५ पासून देशपातळीवरचं किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर आहे. कॅज्युअल, म्हणजे कायम नसलेल्या, कामगाराला त्यावर २५ टक्के जास्त, म्हणजे ३१.१९. (हा दर दर वर्षी १ जुलैला बदलतो. फळबाग-भाजीपाल्याच्या कामाचा अचूक दर फेअर वर्क ऑम्बड्समन या पगाराच्या नियमांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या वेबसाइटवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये पाहून घ्यावा.) पाच दिवस मिळून ३८ तास भरले तर हातात येण्याआधी ११८५ डॉलर. १५ टक्के कर कापून १००७. भाडं २५०, गाडीचे रोजचे ८ प्रमाणे ४०, खाणंपिणं ९० धरलं तर शिल्लक ६२७.

आता तीन दिवस, रोज सहा तास. ५६१ डॉलर, कर जाऊन ४७७. भाडं तेवढंच, खाणं तेवढंच, गाडीचे २४. शिल्लक ११३. काम निम्म्याच्या थोडं खाली आलं आणि बचत साडेपाच पटींनी घटली. आठवड्याला ११३ डॉलरनी पुढचा प्रवास होत नाही. म्हणून हॉस्टेल निवडताना दहा-वीस डॉलर कमी भाडं बघण्यात अर्थ नाही. आठवड्याला किती दिवस काम, एवढाच आकडा बघायचा.

८८ दिवसांचं गणित

काम करत फिरण्याचा, म्हणजे वर्किंग हॉलिडेचा, व्हिसा एका वर्षाचा असतो. दुसऱ्या वर्षाच्या व्हिसासाठी तीन महिने, म्हणजे ८८ दिवस, ठरवून दिलेलं काम करावं लागतं. तिसऱ्या वर्षासाठी सहा महिने, १७९ दिवस. बरेच जण पैशांपेक्षा या दिवसांसाठीच वर्किंग हॉस्टेल गाठतात, आणि नेमके इथेच अडकतात.

पूर्ण वेळ, आठवड्याला पाच दिवस काम असेल तर शनिवार-रविवारही मोजले जातात, म्हणजे आठवड्याचे सात दिवस धरता येतात. त्या हिशोबाने ८८ दिवस जेमतेम तेरा आठवड्यांत होतात. तुटक कामात मात्र प्रत्यक्ष काम केलेला दिवसच मोजायचा. आठवड्याला तीन दिवस मिळाले तर तेच ८८ भरायला एकोणतीस आठवड्यांहून जास्त लागतात. खाट तीच, भाडं तेच, मुक्काम दुपटीहून लांब. शिवाय मोजला जातो तो त्या कामातला नेहमीचा पूर्ण दिवस. दोन तास तोडणी करून पावसामुळे परत आलात तर तो दिवस पूर्ण म्हणून धरता येत नाही, आणि चौदा तास राबलात म्हणून एकाचे दोनही होत नाहीत.

आणखी दोन ठिकाणी लोक हमखास चुकतात. पहिली चूक पिनकोडची. पाहिला जातो शेताचा पिनकोड, हॉस्टेलचा नाही. आणि पासपोर्ट कुठल्या देशाचा यावरून ठरणारे या व्हिसाचे दोन प्रकार, ४१७ व ४६२, यांच्यासाठी चालणाऱ्या भागांच्या याद्या वेगवेगळ्या आहेत, त्यामुळे शेजारच्या खाटेवरच्या जर्मन मुलाचं शेत चाललं म्हणून तुमचं चालेलच असं नाही. दुसरी चूक फुकट कामाची. १ डिसेंबर २०१५ पासून दिवस मोजायचे तर कायदेशीर पगार मिळालेलाच हवा. जेवणखाण आणि मुक्कामाच्या बदल्यात सेंद्रिय शेतावर राहण्याचे दिवस त्यात धरत नाहीत, आणि भाडं माफ करून घेण्यासाठी केलेली हॉस्टेलची झाडलोटही नाही. शेतातलं तोडणीचं काम चालतं, शेडमधलं फळं-भाज्या भरण्याचंही चालतं.

पुरावा म्हणून प्रत्येक आठवड्याची पेस्लिप जपायची. मालकाकडून भरून घ्यायचा फॉर्म ४१७ साठी १२६३ आणि ४६२ साठी १४६४. तो शेवटच्या दिवशीच, त्याच शेतावर भरून घ्यावा. हंगाम संपल्यावर मुकादमाला फोन लागत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

भारतीय पासपोर्टवर येणाऱ्यांसाठी यात ४६२ हा एकच दरवाजा आहे, आणि तोही २०२४ मध्ये उघडला. वर्षाला १००० जागा, पहिल्या अर्जासाठी आधी २५ डॉलर भरून चिठ्ठीत नाव टाकायचं. वय १८ ते ३०, कामापुरतं इंग्रजी, बारावीनंतर किमान दोन वर्षांचं शिक्षण, आणि हाताशी साधारण ५००० डॉलर. नशिबाने चिठ्ठी निघाली तर त्या पैशांतले निदान तीन आठवड्यांचे भाडं-जेवणाचे बाजूला काढून ठेवावेत, कारण पहिला पगार हाती यायला बहुतेक ठिकाणी दोन आठवडे तरी जातात.

उक्तं की ताशी

शेतावरचे पैसे दोन प्रकारे मिळतात: तासावर, नाहीतर मालावर. मालावर म्हणजे पेटीला इतके, बादलीला इतके, किलोला इतके. जुने वर्किंग हॉस्टेलवाले अजूनही "हात चालवाल तेवढे कमवाल" असं सांगतात. ते अर्धंच खरं आहे. २८ एप्रिल २०२२ पासून फळबाग-भाजीपाल्याच्या कामात उक्त्या मजुरालाही तासाच्या किमान दराखाली जाता येत नाही. दिवसभरात कितीही कमी तोडलं तरी भरलेल्या तासांचे किमान पैसे मिळालेच पाहिजेत. म्हणून उक्त्या कामातही तासांची नोंद ठेवणं मालकाला बंधनकारक आहे, आणि काम सुरू करण्याआधी दर लिहिलेला, सही केलेला कागद मजुराला द्यावा लागतो.

दर ठरवायचाही नियम आहे. त्या कामाचा ७६ तासांचा सराव असलेला सरासरी मजूर तासाला किमान दरापेक्षा १५ टक्के जास्त कमावेल, असा दर हवा. हिशोब करून पाहा. ३१.१९ वर १५ टक्के म्हणजे ३५.८७. सराव झालेला माणूस सफरचंदाची मोठी पेटी, सुमारे ४०० किलोची, दोन तासांत भरत असेल तर पेटीचा दर ७१ डॉलर ७४ सेंटच्या खाली नसावा. पेटीला तीन तास लागत असतील तर १०७ च्या पुढे. कुणी पेटीला ४५ सांगत असेल तर सरावाचा माणूस ती सव्वा तासात भरतो का, एवढंच विचारावं. उत्तर त्याच्या चेहऱ्यावर दिसेल.

पहिल्या आठवड्यात जवळजवळ कुणालाच उक्त्यात किमान दराएवढं तोडता येत नाही, तेव्हा खालचा आधार तिथेच लागतो. तो मिळतोय का, हे पेस्लिपवर तासांचा रकाना आहे की नाही यावरून कळतं. तास लिहिलेलेच नसतील, नुसत्या पेट्या असतील, तर गडबड आहे. स्वतःच्या वहीत रोज सुरुवातीची वेळ, सुट्टी, संपल्याची वेळ आणि पेट्या लिहून ठेवाव्यात. फेअर वर्क ऑम्बड्समनने हंगामी तोडणीच्या पट्ट्यातल्या ६३८ व्यवसायांची तपासणी करून २०१८ मध्ये अहवाल दिला, त्यात निम्म्याहून जास्त ठिकाणी कायदा मोडलेला आढळला. तेव्हा वही लिहिणं म्हणजे संशयी स्वभाव नव्हे.

पीक बघून हॉस्टेल

हॉस्टेलच्या फोटोंपेक्षा आसपास काय पिकतं हे जास्त महत्त्वाचं. त्यावरून काम नियमित असेल की तुटक, हे बऱ्यापैकी आधीच ओळखता येतं.

केळी सगळ्यांत नियमित. टली-इनिसफेल पट्ट्यात बारा महिने केळी निघतात, काम बहुधा तासावर, आणि आठवड्याचे पाच दिवस भरण्याची शक्यता इथे सर्वांत जास्त. तोडणारा बुंध्याला घाव घालतो, झाड वाकतं आणि अख्खा लोंगर खाली उभ्या माणसाच्या खांद्यावर येतो. ४०-५० किलो, कधी त्याहून जड, आणि पायाखाली चिखल. ज्याला हे जमत नाही त्याने शेडमधलं काम मागावं: फण्या सोडवणं, धुणं, खोक्यात भरणं. टलीत वर्षाला चार मीटरच्या आसपास पाऊस पडतो. गावात ७.९ मीटर उंचीचा सोनेरी गमबूट उभारलेला आहे, १९५० साली तिथे पडलेल्या पावसाएवढा. बूट घेताना तो आठवावा. २०१५ मध्ये टलीत केळीच्या पनामा रोगाचा टीआर-४ हा प्रकार सापडला, तेव्हापासून शेतात शिरताना-निघताना बूट जंतुनाशकात बुडवणं सक्तीचं झालं. एका शेतावरचे मातीने माखलेले बूट घालून दुसऱ्या शेतावर गेलात तर फाटकातूनच परत पाठवतील.

आंबा याच्या अगदी उलट. नॉर्दर्न टेरिटरीतल्या कॅथरीनला ऑक्टोबर-नोव्हेंबर, क्वीन्सलंडमधल्या बोवेनला नोव्हेंबर-डिसेंबर, आणि खेळ काही आठवड्यांत संपतो. पैसे बरे मिळतात, पण चीक. देठ मोडल्याबरोबर जी चिळकांडी उडते ती त्वचा भाजते आणि फळावरही डाग पाडते. पुरळ लगेच उठत नाही, दोन-तीन दिवसांनी उठतं, तोवर माणसाला वाटतं आपल्याला काही होत नाही. ज्यांना बिब्बा उततो किंवा काजूच्या टरफलाच्या तेलाने फोड येतात त्यांनी आंब्याच्या वाटेला न जाणंच बरं, सगळी एकाच कुळातली झाडं आहेत. बाकीच्यांनी लांब बाह्या, हातमोजे, चेहऱ्याला-मनगटांना जाडसर क्रीम, आणि दुपारच्या सुट्टीत हात धुतल्याशिवाय डोळ्यांना हात लावायचा नाही.

संत्री-मोसंबी मिल्डुरा, ग्रिफिथ आणि दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या रिव्हरलँडमध्ये. इथली अडचण सकाळची. दवाने ओलं, पाण्याने टरारलेलं फळ तोडलं तर सालीतल्या तेलाच्या पेशी फुटतात आणि नंतर डाग उमटतात, म्हणून साल कोरडी होईपर्यंत तोडणी सुरू करत नाहीत. हॉस्टेलची गाडी मात्र पाचलाच सुटलेली असते, कारण तिला आणखी तीन शेतं करायची असतात. बांधावर बसलेले ते दोन तास पगारात धरले जातात का, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यायचं. तोडणीची पिशवी पोटावर असते, भरली की साधारण वीस किलो. ती पेटीवरून ओतायची नाही. पिशवी पेटीत आत तळापर्यंत उतरवायची, मग खालचे दोर सोडायचे आणि हळू वर उचलायची, म्हणजे फळ फळावर आदळत नाही. पहिल्या दिवशी हे कुणी दाखवत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पेटी नापास होते.

सफरचंदात तोडण्यापेक्षा निवडण्यात वेळ जातो. फळ ओढायचं नाही. तळहातात धरून वर उचलायचं आणि किंचित वळवायचं, देठ फळाला राहिला पाहिजे आणि फांदीवरचा पुढच्या वर्षीचा डोळा फांदीला. पहिल्या फेरीत फक्त रंग आलेली फळं घेतात, शेवटच्या फेरीत झाड मोकळं करतात. रंग बघून तोडताना पेटीला दुप्पट वेळ लागू शकतो, त्यामुळे दोन्ही फेऱ्यांना एकच दर सांगणारा मालक दोन वेगळ्या कामांना एकच मजुरी देतोय.

चेरी टास्मानियात डिसेंबर ते फेब्रुवारी. पिकलेल्या चेरीवर पाऊस पडला की फळ तडकतं. झाडांवरून हेलिकॉप्टर फिरवून पाणी उडवतात, यावरून मालकाचं किती पणाला लागलेलं असतं ते कळावं. कोरडा हंगाम गेला तर थोड्या दिवसांत चांगली कमाई, ओला गेला तर काहीच नाही. स्ट्रॉबेरीत कंबर जाते, आणि हंगामाच्या तोंडाशी फळच विरळ असतं. झुकिनीच्या पानांची कुसं मनगटांना लागून आग होते, पण ती रोज तोडावीच लागते, नाहीतर एका रात्रीत विकण्याजोग्या आकाराच्या पुढे जाते, म्हणून काम खाडा न पडता चालू राहतं. द्राक्षं मिल्डुऱ्याला उन्हाळ्यात, चाळीस अंशांच्या वर, पहाटे सुरू करून दुपारी थांबतात.

खोली आणि दरवाजा

स्वच्छता, वाय-फाय, स्वयंपाकघर यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. शंभर माणसांत चार शेगड्या असतील तर सहा वाजता रांग लागणारच. चिखलाचे बूट बाहेर ठेवायला जागा, दोन तरी चालू वॉशिंग मशीन, आणि फ्रिजमध्ये नावाचा डबा ठेवला तर तो सकाळी जागेवर असणं, इतकं मिळालं की पुरे.

एक गोष्ट मात्र कुठल्याही परिस्थितीत बघायचीच. २३ जून २००० च्या रात्री बुंडाबर्गजवळच्या चिल्डर्स गावात बॅकपॅकर हॉस्टेलला आग लावली गेली आणि १५ जण गेले. तिथे उतरलेले बहुतेक फळतोडणीसाठीच आले होते. धुराचा अलार्म चालू नव्हता. त्यानंतर क्वीन्सलंडने स्वस्त मुक्कामाच्या इमारतींचे आगीचे नियम कडक केले. तरीही पहिल्या संध्याकाळी छताकडे बघून अलार्म आहे का, त्याचा दिवा लागलेला आहे का, खिडकी उघडते का, आणि बाहेर पडायच्या दुसऱ्या दारासमोर पलंग किंवा सायकली लावलेल्या नाहीत ना, हे बघून घ्यायचं. दोन मिनिटांचं काम आहे. दार अडलेलं दिसलं तर त्याच रात्री दुसरी जागा शोधावी, अनामत बुडाली तरी.

पैसे कुठे गळतात

अनामत हा पहिला खड्डा. ती कधी परत मिळेल, किती दिवस आधी सांगायचं आणि काम न मिळाल्यामुळे सोडलं तर काय, हे लेखी घ्यावं, निदान मेसेजवर. काही ठिकाणी किमान चार आठवड्यांचं भाडं आगाऊ मागतात. जागा कितीही बरी दिसली तरी ते द्यायचं नाही, आठवड्याच्या भाड्यावर अडून राहायचं. पासपोर्टची प्रत द्यावी, पासपोर्ट नाही. पगारातून भाडं परस्पर कापणार असतील तर तुमची लेखी संमती लागते, आणि ते पेस्लिपवर दिसायला हवं.

दुसरा खड्डा, "एबीएन काढ, मग काम देतो." एबीएन म्हणजे व्यवसायाचा क्रमांक. तो घेतला की कागदोपत्री तुम्ही मजूर राहत नाही, ठेकेदार होता, आणि किमान वेतन, सुपर (मालकाने भरायची निवृत्तीची बचत), अपघाताचा विमा हे सगळं हातचं सुटायला वाट होते. पेट्या भरणारा माणूस ठेकेदार नसतो. काढायचा तो टीएफएन, कर क्रमांक. ऑस्ट्रेलियात पोचल्यावर कर खात्याच्या वेबसाइटवर फुकट मिळतो, त्यासाठी हॉस्टेलला किंवा एजंटला पैसे देऊ नयेत. तो दिला नाही तर पगारातून ४५ टक्के कापले जातात. मालक या व्हिसावाल्यांना कामाला ठेवण्यासाठी कर खात्याकडे नोंदलेला असेल तर ४५,००० डॉलरपर्यंत १५ टक्के, नोंदलेला नसेल तर ३०.

पेस्लिपवर मालक म्हणून कुणाचं नाव आहे तेही बघावं. बऱ्याचदा ते शेताचं नसतं, हॉस्टेलचंही नसतं, मधल्या मजूर-कंत्राटदाराचं असतं. क्वीन्सलंड, व्हिक्टोरिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलियात अशा कंत्राटदाराला परवाना लागतो आणि परवानाधारकांची यादी इंटरनेटवर शोधता येते. यादीत नाव नसेल तर त्या गाडीत बसू नये.

हॉस्टेलची खरी किंमत

मग पहिले तीन आठवडे का घ्यायचं? कारण ओळख. ज्याला गाव माहीत नाही, गाडी नाही, हातात कात्री कधी धरलेली नाही, त्याला चार वेगवेगळ्या शेतांवर नेऊन सोडणारी दुसरी सोय नाही. तेवढ्या दिवसांत कुठल्या शेताचा मुकादम तास नीट लिहितो, कुणाची झाडं ठेंगणी आहेत, कुणाच्या शेडमध्ये पुढच्या महिन्यात माणसं लागणार आहेत, सगळं कळतं. दुसऱ्या आठवड्यापासूनच सुट्टीच्या वेळी मुकादमाला विचारायला हरकत नाही: शेतावर राहायची सोय आहे का, थेट कामावर घ्याल का. शेतावरची खोली किंवा कॅराव्हॅन बहुधा स्वस्त पडते, आणि तिथे राहणाऱ्याचं नाव पाटीवर फिरत नाही.

याला समांतर म्हणून सरकारची हार्वेस्ट ट्रेल ही सेवा आहे: फुकट, कुठल्या महिन्यात कुठे काय निघतं त्याचं मार्गदर्शक पुस्तक आणि कामांची यादी. तिच्यात दोष एवढाच की शेतापर्यंत पोचवायला ती येत नाही. दोन-तीन जणांनी मिळून जुनी गाडी घेतली की हॉस्टेलचं ओझं जवळपास संपतं. मिल्डुऱ्याकडून रिव्हरलँडकडे जाताना मात्र गाडीत एकही फळ ठेवू नका. वाटेत याम्बाला फळमाशीची नाकेबंदी आहे, तिथे गाडी उघडून बघतात आणि पिशवीतल्या दोन संत्र्यांना दंड होतो.

खाट राखून ठेवण्याआधी फोनवर विचारायचे प्रश्न थोडेच आहेत. आज किती जण राहतायत आणि आज किती जण कामावर गेले? कुठलं पीक, तासावर की मालावर? पेस्लिप कोण देतं? गाडीचे रोजचे किती? आज संध्याकाळच्या पाटीचा फोटो पाठवाल का? शेवटच्या प्रश्नावर जो आढेवेढे घेतो त्याच्याकडे नावांपेक्षा माणसं जास्त आहेत, असं खुशाल समजावं. तीन आठवड्यांत एकदाही पाच दिवस भरले नाहीत तर चौथ्याचं भाडं भरू नये, मग मॅनेजर "पुढच्या सोमवारपासून जोरात सुरू होतंय" असं कितीही म्हणो.

निघताना पेस्लिप, भरलेला फॉर्म आणि सुपर फंडाचा सभासद क्रमांक सोबत हवा. मालक पगारावर १२ टक्के सुपरमध्ये भरतो. देश सोडल्यावर आणि व्हिसा संपल्यावर ते मागता येतात, पण ६५ टक्के कर कापून, म्हणजे १००० डॉलरचे ३५०. तरी सोडू नयेत. आणि पोचल्याच्या दिवशी दुकानात जायच्या आधी स्वयंपाकघरातलं ते फळकूट बघा, जिथे निघून जाणारे लोक सामान ठेवून जातात. तांदूळ आणि अर्ध्या सॉसच्या बाटल्यांच्या मागे हातमोजे, फळ तोडायची कात्री, रुंद काठाची टोपी आणि आपल्या मापाचे गमबूट सापडायची शक्यता चांगली असते.